रतिबाची वही

मार्च 2024 च्या अखेरीस आईचे खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतरचे दोन-अडीच महिने मी धायरीला तिच्याकडे राहायला गेले. वय वर्षे 86. कान शाबूत, नजर चष्म्यासकट शाबूत, चालणे तेवढे वॉकरच्या आधाराने. तिचा पलंग आम्ही बैठकीच्या खोलीत आणून टाकला होता. त्यामुळे टीव्ही तिच्या अगदी समोर आला, आणि संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत बातम्यांच्या वाहिन्या आमच्या घरात बिऱ्हाड थाटून राहू लागल्या.

धायरीचा पत्ता पुण्याचा असला, तरी आमचा विधानसभा मतदारसंघ खडकवासला आणि तो लोकसभेसाठी बारामतीला जोडलेला. त्या वर्षी बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या होत्या, त्यामुळे देशात कोठेही काहीही घडत असो, संध्याकाळी एकदा तरी कॅमेरा आमच्या मतदारसंघात येऊन जाई. नणंद विरुद्ध भावजय, पवार विरुद्ध पवार, घरातली लढाई, प्रतिष्ठेची लढाई. आई हे सगळे मनापासून पाहत असे. आठवडाभराने एका रात्री जाहिराती लागल्या असताना तिने सहज विचारले, "अगं, पण आपल्याकडे उभे तरी कोण कोण आहेत?"

मी लगेच दोन नावे सांगितली.

"त्या दोघी मला ठाऊक आहेत. बाकी?"

बाकीचे मला सांगता येईना. बारामतीत त्या निवडणुकीला 35 हून अधिक उमेदवार होते हे मला नंतर कळले. आठवडाभर रोज चार-चार तास आमच्याच मतदारसंघाच्या बातम्या पाहून त्यांतले दोघींपलीकडचे एकही नाव माझ्या कानांवरून गेलेले नव्हते, किंवा गेले असले तर कानांत राहिलेले नव्हते. वर्तमानपत्र उघडून यादी शोधणे सोपे होते, पण मला आधी वेगळेच कुतूहल वाटले. वाहिन्या पक्षपाती आहेत असे आपण येताजाता म्हणतो. तो पक्षपात नेमका कोठे राहतो? निवेदकाच्या चढ्या आवाजात, पाहुण्यांच्या निवडीत, खाली धावणाऱ्या पट्टीतल्या विशेषणांत, की आणखी कोठे?

आईकडे दुधाच्या रतिबाची जुनी वही होती. दूधवाल्याच्या हिशेबासाठी तिने वर्षानुवर्षे अशा वह्या घातल्या होत्या: दूध आले त्या दिवशी उभी रेघ, जास्तीचे घेतले तर रेघेवर टिंब, आणि दूधवाला आलाच नाही तर फुली. फुलीच्या दिवसाला तिच्या भाषेत खाडा म्हणतात. वहीची मागची पाने कोरी होती. त्यांवर आम्ही तीन रकाने पाडले. पहिल्या दोहोंच्या डोक्यावर दोन पवारांची नावे आणि तिसऱ्याच्या डोक्यावर नुसते "इतर". घड्याळ आईच्या हातात, पेन्सिल माझ्या हातात, आणि प्रत्येक मिनिटाला एक रेघ. हा काही अभ्यास नव्हता. आजारी माणसाचे मन रमवण्याचा तो एक उद्योग होता, आणि म्हणूनच त्यातले आकडे मी येथे देणार नाही. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ सगळे खाडे होते, एवढे सांगितले तरी पुरे.

मोजण्याची ही कल्पना आमची नव्हे. आणीबाणीनंतर नेमलेल्या शहा आयोगासमोर आकाशवाणीच्या बातम्यांचा जो हिशेब आला, तो असाच ओळींचा होता. आणीबाणीतल्या एका संसद अधिवेशनाच्या काळात काँग्रेसच्या प्रवक्त्यांना बातमीपत्रांतून 2,207 ओळी मिळाल्या होत्या आणि विरोधकांच्या प्रवक्त्यांना 34. त्या 2,207 ओळींत खोटे किती होते हा प्रश्न बाजूला ठेवला, त्यांतली प्रत्येक ओळ खरी होती असे मानले, तरी 34 हा आकडा जागचा हलत नाही. मला या हिशेबाचे कौतुक वाटते ते याच कारणासाठी. तो मोजणाऱ्याला निवेदकाच्या मनात डोकावण्याची गरज पडली नाही, हेतूंची चौकशी करावी लागली नाही. त्याने फक्त ओळी मोजल्या.

आईला तो काळ चांगला आठवतो. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झाले, आणि पुण्याला ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे दिसू लागले. तो मनोरा आजही आमच्या गच्चीवरून दिसतो. 6 फेब्रुवारी 1977 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवन राम यांची सभा होती, आणि लोकांनी घरी बसावे म्हणून दूरदर्शनने त्या संध्याकाळी "बॉबी" हा चित्रपट लावला, ही गोष्ट अनेकदा सांगितली जाते. मैदान तरीही भरले. सत्तेवर असलेल्याने पडदा आपल्याकडे ओढण्याची ही रीत एका पक्षाची किंवा एका काळाची नाही. राजीव गांधींच्या काळात लोक दूरदर्शनला "राजीव दर्शन" म्हणत. दूरदर्शनला स्वायत्तता देणारा प्रसार भारती कायदा 1990 मध्ये संमत झाला आणि अमलात यायला 1997 उजाडले. त्या सात वर्षांत दिल्लीत सरकारे बदलत राहिली, आणि विरोधात असताना स्वायत्ततेची मागणी करणाऱ्यांना सत्तेत आल्यावर तिची घाई वाटेनाशी झाली.

आणि स्वायत्तता आल्यानंतरचे काय, तर 2014 च्या एप्रिलअखेरीस दूरदर्शनने नरेंद्र मोदींची मुलाखत घेतली, तेव्हा केंद्रात काँग्रेसचे सरकार होते, आणि प्रक्षेपित झालेल्या मुलाखतीतून अहमद पटेल आणि प्रियांका गांधी यांच्यासंबंधीचा भाग गाळलेला निघाला. बराच गहजब झाला. दहा वर्षांनी, मोदी पंतप्रधान असताना, सीताराम येचुरी आणि फॉरवर्ड ब्लॉकचे जी. देवराजन यांच्या दूरदर्शन-आकाशवाणीवरील प्रचारभाषणांतून काही शब्द काढायला लावले गेले. देवराजन यांच्या भाषणातला "मुस्लिम" हा शब्दही त्यांत होता. कात्री तीच राहिली होती, फक्त तिच्या मुठीतली बोटे बदलली होती.

तरीही त्या प्रचारभाषणांबद्दल माझ्या मनात एक हळवा कोपरा आहे. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ देण्याची ही पद्धत 1977 पासूनची आहे. काही मूळ वेळ सर्वांना सारखा, वरचा वेळ मागच्या निवडणुकीत मिळालेल्या मतांच्या प्रमाणात, एका बैठकीत 15 मिनिटांहून अधिक नाही, आणि कोणी कधी बोलायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. लहानपणी आम्हाला ती भाषणे म्हणजे शिक्षा वाटे. निळसर पडद्यापुढे बसलेला एक घामाघूम गृहस्थ समोरच्या कागदावरून वाचतो आहे, पान उलटताना अडखळतो आहे, आणि त्याचा पक्ष आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नाही. पण त्याची मिनिटे त्याची होती. ती देताना तो किती रंजक आहे हे कोणी पाहिले नव्हते. अपक्षाला मात्र त्या व्यवस्थेतही जागा नव्हती आणि आजही नाही. तिसऱ्या रकान्यातले बहुतेक लोक तेथेही खाड्यातच जमा होत.

खासगी वाहिन्या आल्यावर मिनिटांचा हिशेब कोणी ठेवायचा हा प्रश्नच उरला नाही, कारण ती मिनिटे आता बाजाराची झाली. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने 2014 मध्ये 1 मार्च ते 30 एप्रिल या काळात पाच राष्ट्रीय वाहिन्यांचे रात्रीचे मुख्य तास मोजले, तेव्हा एकट्या मोदींच्या वाट्याला 33 टक्क्यांहून अधिक वेळ आलेला दिसला. अरविंद केजरीवाल सुमारे 10 टक्क्यांवर होते आणि राहुल गांधी 4 टक्क्यांच्या थोडे वर. वाहिन्या विकल्या गेल्या, हे यावरचे सर्वांत सोपे उत्तर आहे, आणि तेवढ्यावर थांबायला मला जड जाते. कारण त्याच केजरीवालांना तीन वर्षांपूर्वी, राळेगणसिद्धीहून आलेल्या अण्णा हजारे यांच्या 2011 मधील उपोषणांच्या वेळी, याच वाहिन्यांनी दिवसचे दिवस पडद्यावर ठेवले होते, आणि तेव्हा तो वेळ अन्याय्य आहे असे त्या मंचावरून कोणी म्हटल्याचे मला स्मरत नाही.

पैसा आहेच, पण तो नेहमी पाकिटातून येत नाही. वृत्तवाहिनी चालवणे खर्चाचे आहे. बातमीदार आणि कॅमेरामन गाडीत घालून दौंड किंवा भोरच्या एखाद्या वाडीत पाठवायचा, तेथे चार तास घालवून चार मिनिटांची बातमी आणायची, याला खर्च येतो. मोठ्या नेत्याच्या सभेचे तसे नसते. पक्षच तेथे आपले कॅमेरे आणि क्रेन लावतो, उत्तम चित्रण करतो आणि ते वाहिन्यांना थेट पुरवतो. वाहिनीला बसल्या जागी तासभराचा मजकूर मिळतो, तोही गर्दी, घोषणा आणि टाळ्यांसकट. मग त्याच सभेतल्या एका वाक्यावर रात्री चर्चा ठेवायची. चर्चेला लागतात सहा माणसे आणि सहा चौकोन. ज्या उमेदवाराकडे क्रेन नाही, त्याच्याविरुद्ध कोणी कट केलेला नसतो. त्याची बातमी महाग पडते, इतकेच.

कायद्याची गंमत येथे सुरू होते. उमेदवाराने किती पैसे खर्चावे याला मर्यादा आहे. मोठ्या राज्यांत लोकसभेसाठी ती 2022 पासून 95 लाख रुपये आहे, आणि त्याच्या प्रचारात वाटलेल्या चहाचाही हिशेब द्यावा लागतो. टीव्हीवरची राजकीय जाहिरात आधी तपासून, प्रमाणित करून घ्यावी लागते. पैसे घेऊन छापलेल्या किंवा दाखवलेल्या बातम्या शोधायला जिल्ह्याजिल्ह्यात समित्या बसतात. हे सगळे रास्त आहे. पण एखाद्याची सभा वाहिनीने तासभर थेट दाखवली तर तो तास कोणाच्याच खात्यात पडत नाही, कारण ती बातमी असते. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत त्या मतदारसंघात निवडणुकीचा प्रचार टीव्हीवर दाखवण्यास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 126 नुसार बंदी आहे. पण मतदान सात टप्प्यांत असल्यावर एका राज्यात शांतता असते तेव्हा दुसऱ्या राज्यात सभा चालू असते, आणि उपग्रहाला जिल्ह्यांच्या हद्दी कळत नाहीत. 2019 मध्ये शेवटच्या टप्प्याच्या आदल्या दिवशी पंतप्रधान केदारनाथला गेले, 2024 मध्ये शेवटच्या टप्प्याच्या वेळी कन्याकुमारीला ध्यानाला बसले. दोन्ही वेळा प्रचार संपलेला होता, भाषण कोठेच नव्हते, आणि दोन्ही वेळा पडद्यावर दुसरे फारसे काही नव्हते. कायद्याच्या अक्षराला कोठे धक्का लागला असे दाखवणे अवघड आहे.

मग मिनिटेच वाटून द्यावीत का, असे मी दादाला एका रविवारी विचारले. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, ठाण्याला असतो, आईला भेटायला दर आठवड्याला येत असे. तो हसला आणि म्हणाला, पस्तीस जणांना सारखी मिनिटे दिलीस तर पाहणार कोण? त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत उमेदवारांना प्रक्षेपणाची समान संधी देण्याचा नियम 1927 च्या रेडिओ कायद्यापासून आहे. शिकागोत लार डेली नावाचे एक गृहस्थ अंकल सॅमचा पोशाख घालून निवडणुकांमागून निवडणुका लढवत असत. 1959 मध्ये महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांनी तक्रार केली की, प्रतिस्पर्धी उमेदवार बातम्यांत दिसले तेवढा वेळ मलाही मिळाला पाहिजे, आणि प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या तेथील आयोगाने ती तक्रार उचलून धरली. वाहिन्या हवालदिल झाल्या. त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा बदलून खऱ्याखुऱ्या बातम्यांना समान वेळेच्या नियमातून मोकळे केले. म्हणजे जाहिरातीला हिशेब आणि बातमीला सूट, ही आपल्याकडची विभागणी जगावेगळी नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन पाहिल्यावर लोक तेथून घाईघाईने परत आले आहेत.

दादाचा आणि माझा खरा वाद मात्र पुढच्याच रविवारी झाला. आम्ही दोघे वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे आहोत. घरात हे सर्वांना ठाऊक आहे आणि जेवताना तो विषय निघत नाही. त्या संध्याकाळी आईने आम्हा दोघांना एकेक कागद दिला आणि एकच बातमीपत्र पाहून ते कोणाकडे झुकलेले वाटले ते लिहायला सांगितले. दादाच्या मते ते त्याच्या पक्षाच्या विरुद्ध होते, आणि माझ्या मते माझ्या. प्रसंगांची यादी दोघांची जवळजवळ सारखीच होती. मी ज्याला अडचणीचा प्रश्न टाळणे म्हटले होते, त्याला त्याने बोलणे मध्येच तोडणे म्हटले होते. असाच एक प्रयोग 1985 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून प्रसिद्ध झाला होता हे मला आधीपासून माहीत होते: बैरूतमधील 1982 च्या हत्याकांडाच्या त्याच बातम्या इस्रायलच्या आणि अरबांच्या समर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या, तर दोन्ही गटांना त्या आपल्याच विरुद्ध झुकलेल्या वाटल्या. ते वाचताना मला ते विद्यार्थी जरा बालिश वाटले होते. दादाच्या कागदाशेजारी माझा कागद ठेवलेला पाहिल्यावर मी रतिबाची वही पुन्हा उघडली आणि माझ्या रेघा तपासल्या. ज्या बाजूचे मला कौतुक नव्हते तिच्या रकान्यात अर्ध्या मिनिटालाही मी पुरती रेघ ओढली होती. आईने ते आधीच पाहिले होते. ती बोलली नव्हती एवढेच. त्यानंतर पेन्सिल तिने स्वतःकडे घेतली.

आमच्या दोघांच्याही कागदांवर एक गोष्ट मात्र नव्हती. तिसऱ्या रकान्यातल्या कोणावर अन्याय झाला असे दोघांपैकी कोणीही लिहिले नव्हते. दोन बाजूंमध्ये तराजू कोठे झुकला यावर आम्ही भांडत होतो, आणि बाकीची माणसे तराजूवर चढलीच नव्हती हे आमच्या, म्हणजे पाहणाऱ्यांच्याही, लक्षात आले नव्हते. वाहिन्यांनी त्यांच्यासाठी शब्दही तयार ठेवला आहे: मते खाणारा उमेदवार. 2019 च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने, मित्रपक्ष एमआयएमची मते धरून, महाराष्ट्रात 40 लाखांहून अधिक मते मिळवली. पण त्यांच्याबद्दलच्या ज्या चर्चा मी पाहिल्या त्या जवळजवळ सगळ्या ही मते कोणाची खाल्ली जाणार आणि फायदा कोणाला होणार यावर होत्या. ती देणारे 40 लाख लोक काय मागत आहेत, हा प्रश्न त्या चौकोनांत क्वचितच शिरला. मत हे आधी कोणाचे तरी असते आणि तिसरा येऊन ते खातो, हे गृहीत धरूनच तो शब्द बनला आहे, आणि तो मीही कित्येकदा वापरला आहे.

2024 च्या निकालानंतर त्याची दुसरी बाजू दिसली. दिंडोरीत भास्कर भगरे निवडून आले, आणि त्यांच्याच आडनावाच्या एका अपक्षाला 1 लाखाहून अधिक मते पडली. त्या अपक्षाचे ट्रम्पेट हे चिन्ह मराठीत "तुतारी" म्हणून छापले गेले होते आणि भगरे यांच्या पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस हे होते. साताऱ्यात तशाच चिन्हाच्या अपक्षाला विजयी उमेदवाराच्या मताधिक्याहून जास्त मते मिळाली. मग वाहिन्यांनी कित्येक संध्याकाळी त्या चिन्हांची चित्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवली. मतदानापूर्वी एखाद्या मतदारसंघाची संपूर्ण यादी, नाव आणि चिन्हासह, एकदा संथपणे वाचून दाखवलेली मी तरी पाहिली नाही. पस्तीस नावे आणि चिन्हे वाचायला चार-पाच मिनिटे लागतील. नणंद-भावजयीच्या जुन्या छायाचित्रांवर त्याहून अधिक वेळ जात असे. राखीपौर्णिमा, लग्न, दिवाळीचा पाडवा, आणि पाठीमागे सनईचा करुण सूर.

त्या वर्षी 85 वर्षांवरील मतदारांना घरून मतदान करता येत होते. अर्ज एप्रिलमध्येच भरून दिला होता. बारामतीचे मतदान 7 मेला होते. त्याआधी काही दिवस, एका दुपारी, निवडणुकीचे पथक घरी आले. दोन अधिकारी, एक पोलीस, आणि चित्रीकरण करणारा एक तरुण. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पोलीस दारातच उभा राहिला. आईने सकाळपासून नवे पातळ नेसून ठेवले होते. पलंगासमोर पुठ्ठ्याचा आडोसा लावून त्यांनी तिच्या हातात मतपत्रिका दिली आणि सगळे पाठ फिरवून उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले.

चहा झाला, गाळला, तरी बाहेर सामसूम होती. अधिकारीण बाईंनी हलकेच विचारले, "आजी, काही अडचण आहे का?"

"नाही हो," आई म्हणाली. "वाचते आहे. पुष्कळ नावे आहेत."

त्यांना अजून सात घरे करायची होती. त्यांनी तसे सांगितले नाही, पण त्यांच्या हातातली यादी मला दिसत होती. आई पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत बोट फिरवीत गेली असावी, कारण मध्येच तिचे एखादे नाव पुटपुटणे ऐकू येई आणि चित्रीकरण करणारा तरुण अस्वस्थपणे पाय बदली. शेवटी लिफाफ्याला डिंक लागला, सह्या झाल्या, आणि चहा न घेताच पथक पुढे गेले.

मतपत्रिका डोळ्यांआड झाल्यावर तिने रतिबाची वही मागितली. तिसऱ्या रकान्यातल्या फुल्यांच्या खाली ती नावे लिहू लागली. आठवतील तशी, काही पुरी, काही नुसती आडनावे. नऊ झाली. दहाव्यापाशी ती अडली, पेन्सिल तोंडात धरून खिडकीकडे पाहत राहिली. तोवर सात वाजले होते म्हणून मी सवयीने टीव्ही लावला.

"जरा आवाज बंद कर," ती म्हणाली. "एक नाव जिभेवर आहे."